चाकांतले छर्रे

मोटारीचें चाक बोलूं लागलें, कीं त्याच्या पोटांत कांहींतरी बिनसलें आहे असें समजावें. प्रथम तो आवाज दूरच्या भुंग्यासारखा असतो. वेग वाढला कीं तो वाढतो, वळणावर गाडीचा भार एका अंगास गेला कीं तो बदलतो, आणि पुढें पुढें तर प्रवासभर सोबतीस बसतो. गेल्या पावसाळ्यांत रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापुरास येतांना आमच्या जुन्या गाडीच्या पुढील डाव्या चाकानें असाच सूर धरला. दुसऱ्या दिवशीं उद्यमनगरांतील एका मेस्त्रींनीं गाडी जॅकवर उचलली, चाक हातानें फिरविलें, दुसऱ्या हाताचा तळवा स्प्रिंगवर टेकवून क्षणभर डोळे मिटले आणि निकाल दिला, "बेअरिंग गेलंय, साहेब."

पुढचा प्रश्न दुकानांत उभा राहिला. दुकानदारानें माझ्यापुढें तीन खोकीं मांडलीं. पहिल्यावर मोटार कंपनीचें नांव होतें. दुसऱ्यावर बेअरिंगें करणाऱ्या एका प्रसिद्ध कारखान्याचें होतें. तिसऱ्यावरील नांव दुसऱ्यासारखेंच दिसत होतें, पण एका अक्षराचा फरक होता. पहिल्याची किंमत दुसऱ्याच्या जवळ जवळ दुप्पट, तर तिसऱ्याची दुसऱ्याच्या निम्मी. मी घोटाळलों हें पाहून दुकानदार हंसून म्हणाला, "अहो, चाकाला काय कळतंय, कुठलं घातलंय तें?"

चाकाला कळतें कीं नाहीं, याच प्रश्नाचा आज थोडा विचार करावयाचा आहे. स्वस्त आणि तरीहि चांगला असा सुटा भाग कोठें मिळेल, हा प्रश्न वरवर बाजारहाटाचा दिसतो. पण त्याच्या मागें दोनशें वर्षांहून अधिक काळाचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासांत आपल्या कोल्हापूरचेंहि एक लहानसें, कांहींसें अपुरें पान आहे.

बैलगाडीपासून प्रारंभ करूं. बैलगाडीच्या चाकाच्या मधोमध लांकडी तुंबा असतो. त्यांतून आंस जातो, तुंब्यांत आरे बसविलेले असतात आणि परिघावर लोखंडी धाव चढविलेली असते. तुंबा आंसावर प्रत्यक्ष घांसतच फिरतो. ही घांस कमी करावयाची म्हणून गाडीखालीं वंगणाचें नळकांडें लोंबत असे. वंगण संपलें कीं चाक करकरूं लागे, आणि तुंबा झिजला कीं गांवच्या सुताराकडे जावें लागे. सुतार बाभळीचें लांकूड पाहून नवा तुंबा करी, लोहार धाव तापवून चढवी, आणि दोघांनाहि सुगीच्या वेळीं बलुतें मिळे. बदली भाग स्वस्त होता, चांगला होता, आणि तो करणारा मनुष्य गिऱ्हाइकाच्या ओळखीचा होता. माल वाईट निघाला तर त्याला दुसऱ्या दिवशीं पारावर तोंड दाखवावें लागे. मालाच्या दर्जाची याहून मोठी हमी कोणत्या खोक्यावर छापतां येईल?

चाकांत छर्रे शिरले आणि ही सोय संपली.

घांसण्यापेक्षां घरंगळणें सोपें, हें ज्ञान जुनेंच आहे. रोमजवळील नेमी सरोवरांतून इसवी सनाच्या पहिल्या शतकांतील ज्या नौका वर काढण्यांत आल्या, त्यांत गोळ्यांवर फिरणारा लांकडी चौथरा सांपडला. १७९४ सालीं वेल्समधील कारमार्दन येथील फिलिप व्हॉन नांवाच्या लोखंडाच्या कारखानदारानें घोडागाडीच्या आंसाभोंवतीं लोखंडी गोळे बसविण्याचें पेटंट घेतलें. कल्पना अचूक होती. पण सारखे आणि कठीण गोळे करणार कोण? म्हणून ती बराच काळ कागदावरच राहिली. १८६९ सालीं पॅरिसचा कारागीर ज्यूल सुरिरे यानें सायकलीच्या चाकांत छर्रे घातले, आणि त्याच वर्षीं नोव्हेंबर महिन्यांत जेम्स मूर हा स्वार तशा सायकलीवरून पॅरिस ते रुआं ही शर्यत जिंकला. जगाचें लक्ष या लहानशा गोळ्यांकडे वळलें तें तेव्हां.

परंतु खरी क्रांति १८८३ सालीं जर्मनींतील श्वाइनफुर्ट या गांवीं झाली. फ्रीडरिख फिशर यानें तेथें पोलादी गोळे घांसून अचूक गोल करणारें यंत्र तयार केलें. या पद्धतीचें मर्म मोठें मनोरम आहे. एक एक गोळा घेऊन कारागीर त्याला आकार देत नाहीं. अनेक गोळे एकाच वेळीं दोन तबकड्यांमध्यें फिरत राहतात, जो मोठा असेल तो अधिक घांसला जातो, आणि अखेर सर्व गोळे एकमेकांच्या संगतीनेंच गोल व एकसारखे होतात. येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. बेअरिंगचा चांगुलपणा आणि त्याची स्वस्ताई हीं दोन्ही एकाच यंत्रांतून जन्मास आलीं. हजारों गोळे एकदम करावयाचे म्हणून ते स्वस्त झाले, आणि हजारों गोळे एकदम केले म्हणूनच ते एकसारखे झाले.

पुढील पावलें झपाट्यानें पडलीं. अमेरिकेंत घोडागाड्या करणाऱ्या हेन्री टिमकेन यानें १८९८ सालीं निमुळत्या रुळांच्या बेअरिंगचें पेटंट मिळविलें. गाडीचें वजन आणि वळणावरचा आडवा रेटा हे दोन्ही भार तें एकदम पेलूं शके. १९०७ सालीं स्वेन विंगक्विस्ट या स्वीडिश एंजिनिअरनें आंस थोडा वांकला तरी स्वतः सांवरून घेणारें बेअरिंग काढलें, आणि त्याच वर्षीं गोथेनबर्ग येथें एसकेएफ कंपनी स्थापन झाली. मोटारगाडी बाळसें धरीत होती त्याच काळांत तिच्या पायांतील हे सांधे तयार झाले.

आतां कोल्हापुराकडे येऊं. १८९१ सालीं मिरजेहून येथें रेल्वे आली. १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसली. १९०६ सालीं शाहू मिलची स्थापना झाली. मोटारगाड्याहि राजवाड्यांत आल्या, आणि छत्रपतींच्या संग्रहांतील जर्मन बनावटीची मेबॅक गाडी आजहि दसऱ्याच्या सोहळ्यांत दिमाखानें बाहेर निघते. परंतु कोल्हापूरचें खरें वैशिष्ट्य यंत्रें विकत घेण्यांत नव्हतें. तीं उघडून पाहण्यांत होतें. येथील मनुष्यास बंद डबा सहन होत नाहीं. तो पान्हा घेणार, झांकण काढणार, आणि "हें आपल्याला कां जमूं नये?" असें विचारणार.

याचें सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे सिनेमाचा कॅमेरा. आनंदराव व बाबूराव पेंटर या बंधूंनीं चित्रपट दाखविण्याचें यंत्र अभ्यासून त्यावरून चित्र घेण्याचें यंत्र करण्याचा ध्यास घेतला. १९१६ सालीं आनंदराव निवर्तले. बाबूरावांनीं विष्णुपंत दामल्यांच्या साहाय्यानें तें काम तडीस नेलें, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनीचा 'सैरंध्री' हा चित्रपट १९२० सालीं लोकांसमोर आला. परदेशी कॅमेरा परवडत नाहीं, तर तो येथेंच घडवूं, हा तो बाणा.

हाच बाणा पुढें तेलाच्या एंजिनांत उतरला. पंचगंगेच्या कांठीं ऊंस होता, ऊंसास पाणी पाहिजे होतें, गुऱ्हाळास चरक पाहिजे होता, आणि या सर्वांस एंजिन पाहिजे होतें. परदेशी एंजिनें दुरुस्त करतां करतां येथील मेस्त्री त्यांचे भाग ओतूं लागले. दुसऱ्या महायुद्धांत परदेशी माल दुर्मिळ झाला, तेव्हां दुरुस्तीचें रूपांतर निर्मितींत झालें. म्हादबा मेस्त्री व वाय. पी. पोवार यांचीं नांवें उद्यमनगरांत आजहि आदरानें घेतलीं जातात तीं यामुळेंच. सिलिंडर, पिस्टन, फ्लायव्हील, झडपा, सर्व कांहीं येथें होऊं लागलें. शाळेचें तोंड फारसें न पाहिलेल्या माणसांनीं लेथवर इंग्लंड-जर्मनीच्या यंत्रांशीं बरोबरी केली.

मग या हातांनीं छर्र्यांचें बेअरिंग कां केलें नाहीं? कॅमेरा करणाऱ्या गांवास पोलादाची गोळी कां जमूं नये?

या प्रश्नाचें उत्तर कोल्हापूरच्या कारागिरास कमीपणा आणणारें नाहीं. पण कारागिरीची मर्यादा दाखविणारें आहे. कॅमेरा एकच करावयाचा होता. एक वस्तु हातानें घांसून, बसवून, पुन्हां काढून, पुन्हां घांसून पूर्णत्वास नेतां येते. तिचा प्रत्येक भाग फक्त शेजारच्या भागाशीं जुळला कीं झालें. बेअरिंगचें तसें नाहीं. त्यांत दहा छर्रे असले तर ते दहाहि एकमेकांशीं तंतोतंत जुळावे लागतात. एक जरी केसभर मोठा निघाला, तर सगळ्यांचा भार तोच उचलतो आणि तोच प्रथम फुटतो. येथें 'केसभर' हा शब्दहि फार ढोबळ आहे. माणसाचा केस सुमारें सत्तर मायक्रॉन जाड. आणि उत्तम प्रतीच्या छर्र्याच्या गोलाईंत पाव मायक्रॉनहून अधिक चूक चालत नाहीं. चांगला मेस्त्री लेथवर एका मिलिमीटरचा शंभरावा हिस्सा सांभाळतो, म्हणजे दहा मायक्रॉन. त्याच्या डोळ्यांच्या आणि बोटांच्या पलीकडे छर्र्याचें राज्य सुरू होतें.

दुसरी गोष्ट पोलादाची. या कामास शेंकडा एक भाग कार्बन आणि दीड भाग क्रोमिअम असलेलें, अत्यंत निर्मळ पोलाद लागतें. आपल्या बाजारांत तें 'ईएन ३१' या नांवानें ओळखतात. त्यांत मळीचा बारीक कण राहिला तरी लाखों फेऱ्यांनंतर तेथूनच तडा जातो. तें ठराविक उष्णतेपर्यंत तापवून, तेलांत बुडवून, पुन्हां मंद तापवून कठीण करावें लागतें. हें सर्व एका बेअरिंगसाठीं केलें तर सोन्याच्या भावानें पडेल. लाखांसाठीं केलें तरच परवडेल. म्हणजे सुताराच्या तुंब्याहून ही वस्तु मुळांतच निराळ्या जातीची. ती एकानें एकासाठीं करावयाची नव्हे, तर अनेकांनीं अनेकांसाठीं करावयाची.

ही वस्तु किती मोलाची, हें गेल्या महायुद्धानें सर्व जगास दाखविलें. जर्मनीचीं सुमारें निम्मीं बेअरिंगें एकट्या श्वाइनफुर्टमध्यें होत. विमान, रणगाडा, तोफेचा गाडा, सर्वांचीं चाकें या एका गांवच्या छर्र्यांवर फिरत होतीं. म्हणून अमेरिकन विमानांनीं १७ ऑगस्ट १९४३ रोजीं, आणि पुन्हां १४ ऑक्टोबर रोजीं, या गांवावर भर दिवसा हल्ले केले. दुसऱ्या हल्ल्यांत एका दिवसांत साठ मोठीं बाँबफेकी विमानें पडलीं. छर्र्यांसाठीं माणसांनीं दिलेली ही किंमत! इकडे इंग्रज स्वतःसाठीं स्वीडनहून बेअरिंगें आणण्याकरितां स्टॉकहोमपासून स्कॉटलंडपर्यंत वेगवान मॉस्किटो विमानें रात्रीं धाडीत होते. जर्मनीनें कारखाने विखुरले, सांठे उपसले, स्वीडनकडून माल घेतला, आणि जेथें जमेल तेथें छर्र्यांऐवजीं साधे बुश वापरले. बदली भाग मिळेना तेव्हां गरजच बदलावी, ही युक्ति आपल्या गॅरेजवाल्यांसहि अपरिचित नाहीं.

हिंदुस्थानांत एसकेएफनें १९२३ सालीं कलकत्त्यास व्यापार सुरू केला होता. पण माल यावयाचा तो सारा समुद्रापलीकडून. येथें कारखाना निघाला तो १९४६ सालीं जयपुरास, आणि १९५० पासून तेथील 'एनबीसी' छापाचीं बेअरिंगें बाजारांत येऊं लागलीं. १९६१ सालीं पुण्याजवळ चिंचवड येथील कारखान्यासाठीं असोशिएटेड बेअरिंग कंपनी स्थापन झाली, १९६२ सालीं बडोद्याची कंपनी निघाली, आणि १९९२ पासून जमशेदपुरास निमुळत्या रुळांचीं बेअरिंगें होऊं लागलीं. मधल्या काळांत, परवान्यांच्या त्या राज्यांत, गाड्या थोड्या आणि सुटे भाग त्याहून थोडे. जुन्या बाजारांतून मोडीत निघालेल्या गाडीचें बेअरिंग शोधून आणावें, रॉकेलनें धुवावें, कानाजवळ धरून फिरवावें आणि 'अजून दोन वर्षें जाईल' म्हणून बसवावें, ही त्या काळची रीत. मोटारीचे जुने आंस बैलगाडीखालीं घालून रबरी टायरच्या गाड्याहि याच हिकमतीनें झाल्या, आणि ऊंसाच्या हंगामांत त्यांनीं लांकडी चाकाच्या गाडीस मागें टाकलें. टंचाईनें लोकांस कल्पकता शिकविली हें खरें. पण टंचाईनेंच बनावट मालाससुद्धां घर दिलें, हेंहि खरें.

कोल्हापूरनें मात्र या क्षेत्रांत आपली जागा शोधलीच. छर्र्यांच्या मागें न लागतां येथील मेनन यांच्या कारखान्यानें दोन धातूंचे थर असलेलीं एंजिनाचीं बेअरिंगें व बुश करण्याचा मार्ग धरला. हीं चाकांतलीं नव्हेत; परंतु तुंबा आणि आंस यांचें जें जुनें घांसण्याचें तत्त्व, त्याचेंच तें अत्यंत सुधारलेलें रूप आहे. शिरोली व गोकुळ शिरगांवच्या ओतशाळांतून मोटारींचे असंख्य ओतीव भाग आज देशोदेशीं जातात. चाकाभोंवतींचें घर आम्हीं बांधतों. आंतील छर्रे मात्र दुसरीकडून आणतों.

आतां त्या तीन खोक्यांकडे परत जाऊं. इतिहासानें गिऱ्हाइकाच्या हातीं एक मोठें साधन दिलें आहे, तें म्हणजे क्रमांक. बेअरिंगांचीं मापें जगभर ठरलेलीं आहेत. एखाद्यावर ६२०५ असा आंकडा कोरलेला असेल, तर शेवटच्या ०५ ला पांचानें गुणावें. आंतील भोंक पंचवीस मिलिमीटरचें. मग तें स्वीडनचें असो, जपानचें असो वा जयपूरचें असो, बाहेरील मापांत तें त्याच जागीं बसणार. बलुतेदाराची ओळख गेली. तिच्या जागीं हा आंकडा आला. मोटार कंपनी स्वतः बेअरिंगें बहुधा करीत नाहीं. ती बेअरिंगच्या कारखान्याकडून घेते आणि आपल्या खोक्यांत घालते. म्हणून जुनें बेअरिंग पुसून त्यावरील संपूर्ण क्रमांक उतरून घ्यावा, आणि तोच क्रमांक नामांकित कारखान्याच्या अधिकृत विक्रेत्याकडे मागावा. पुष्कळदां पहिल्या खोक्यांतला मालच दुसऱ्यांत कमी किंमतीस मिळतो. मात्र नव्या गाड्यांत बेअरिंग व हब एकसंध असतात, ब्रेकसाठीं चाकाचा वेग मोजणारी चुंबकी कडा एकाच बाजूस असते, आणि क्रमांकापुढील अक्षरांसहि अर्थ असतो; त्यांकडे दुर्लक्ष करून चालत नाहीं.

आणि तिसरें खोकें? फिशरच्या यंत्रापासूनचा इतिहास त्याविषयीं निःसंदिग्ध सांगतो. प्रचंड प्रमाणावर केल्यामुळें ही वस्तु जितकी स्वस्त होणें शक्य होतें, तितकी ती अगोदरच झालेली आहे. त्याहून निम्म्या किंमतीस ती मिळत असेल, तर पोलाद, पाणी देणें किंवा घांसणें यांपैकीं कांहींतरी गाळलेलें असलें पाहिजे. शिवाय दुसऱ्याच्या नांवाची नक्कल करणें हा व्यापारचिन्हांच्या १९९९ च्या कायद्यानें गुन्हा आहे, आणि त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कैद होऊं शकते. छपाई पुसट, अक्षर चुकीचें, पावती देण्यास टाळाटाळ, हीं त्याचीं लक्षणें. कांहीं मोठ्या कारखान्यांनीं खोक्याचें चित्र पाठवून खरेंखोटें पडताळण्याची सोयहि ठेविली आहे.

चांगलें बेअरिंग आणूनहि तें हातोड्यानें ठोकून बसविलें, तर पैसे पाण्यांत गेले. ठोका छर्र्यांतून जातो आणि वाटेवर सूक्ष्म खळगे पाडतो. चाक पहिल्या दिवसापासून आजारी पडतें. तें प्रेसनें, ज्या कड्यावर घट्ट बसावयाचें त्याच कड्यावर दाब देऊन बसवावें, आणि नट ठरल्याइतकाच आवळावा.

शेवटीं भाराविषयीं एक शब्द. बेअरिंगवरील भार दुप्पट झाला, तर छर्र्यांचें आयुष्य निम्मे होत नाहीं. तें एक अष्टमांशावर येतें. रुळांचें तर सुमारें एक दशांशावर. कार्तिकापासून आपल्या जिल्ह्यांतील रस्त्यांवर ऊंसाच्या ज्या ट्रॉल्या डुलत जातात, त्यांच्या मागून मोटार हांकणाऱ्या प्रत्येकानें हा हिशेब मनाशीं करून पाहावा. त्या चाकांत तिसऱ्या खोक्यांतलें बेअरिंग असेल, वर दुप्पट ऊंस असेल, आणि शेजारून सायकलीवर शाळेंतला मुलगा जात असेल, तर वांचविलेले चारशें-पांचशें रुपये कोणाच्या नांवावर पडणार?

मीं दुसरें खोकें घेतलें. मेस्त्रींनीं जुनें बेअरिंग काढून माझ्या हातीं दिलें. त्याची वाट बोटानें चाचपली, तेव्हां एके ठिकाणीं तांदळाच्या कणीएवढा खळगा लागला. आंबा घाटांत जो सूर ऐकला होता, तो एवढ्याशा खळग्याचा होता.

"चाकाला काय कळतंय?" असें त्या दुकानदारानें विचारलें होतें. उत्तर त्या खळग्यांत होतें. चाकाला सगळें कळतें. तें फक्त उशिरां बोलतें. आणि कधीं कधीं तें बोलेपर्यंत वेळ टळून गेलेली असते.